पत्त्यांच्या डावातून दशक-एककाची ओळख

इयत्ता दुसरीत ‘सत्तावीस’ ही संख्या तोंडी सांगितली असता काही मुले पाटीवर ७२ लिहितात. हा केवळ मुलाचा निष्काळजीपणा समजू नये. मराठीत एककाचा उच्चार आधी होतो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. ही अडचण ध्यानी घेऊन पुण्याच्या ‘बालभारती’ने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला ‘वीस सात’ अशा धर्तीचे वाचन दिले. त्यावर पुष्कळ वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा कै. डॉ. मंगला नारळीकर यांनी या वाचनामागील भूमिका स्पष्ट केली. नाव कोणतेही घेतले, तरी अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून ठरते, हे मुलाच्या मनावर ठसणे अगत्याचे आहे. ते न ठसल्यास पुढे हातच्याची बेरीज ही त्याला निव्वळ पाठ केलेली कृती वाटते.

या कामी घरोघरी आढळणारा पत्त्यांचा जोड उपयोगी पडतो. सुटीत बदाम-सात खेळताना मुले अंकांचा क्रम, तर पाच-तीन-दोन खेळताना दहाचे भाग नकळत शिकतातच. तोच मार्ग वर्गात योजावा.

जोडातून राजा, राणी, गुलाम व दश्शी काढून ठेवावी. ३६ पाने उरतात. एक्क्याची किंमत एक धरावी. दोघां-दोघांच्या जोड्या करून प्रत्येकासमोर खडूने दोन चौकोन आखावेत : डावा दशकाचा, उजवा एककाचा. प्रत्येकाने एक पान उचलून ते कोणत्याही एका चौकोनात ठेवावे. एकदा ठेवलेले पान हलवू नये. मग दुसरे पान उचलून उरलेल्या चौकोनात ठेवावे. दोघांनीही आपली संख्या ‘वीस सात, सत्तावीस’ अशी दोन्ही प्रकारे वाचावी. मोठी संख्या करणाऱ्यास एक चिंचोका मिळतो.

समजा, एका मुलाने नव्वी एककात ठेवली व नंतर दुरी आली. त्याची संख्या २९ झाली. प्रतिपक्षाची तिर्री आणि एक्का मिळून ३१ झाली. “माझी नव्वी सर्वांत मोठी, मग मी हरलो कसा?” असे तो विचारील. शिक्षकांनी घाईने उत्तर देऊ नये. दोन-चार डावांनंतर तोच मुलगा नव्वी दशकात ठेवू लागतो. स्थानिक किंमत त्याला समजू लागल्याची ती खूण होय.

डाव अंगवळणी पडल्यावर पुठ्ठ्याची चार शून्ये करून मिसळावीत. तिसरीच्या मुलांना तीच दोन पाने उलटसुलट ठेवून वजाबाकी करावयास सांगावी. ७२ मधून २७ गेले, ४५ उरले. म्हणजे पानांतील फरक पाच, त्याची नऊपट. इतर पानांवरही हाच नियम मुलांनी स्वतः पडताळून पाहावा.

पत्ते म्हटले की काही पालकांस जुगाराची शंका येते. त्यांना एकदा वर्गात बोलावून डाव दाखवावा. पैशाचा संबंध नाही, चिंचोकेही शेवटी डब्यात परत जातात, हे पाहिल्यावर त्यांचा संकोच दूर होण्यास साह्य होईल. आणि संध्याकाळी घरीही हा डाव मांडला जाईल.