तुमच्याकडे गौरी कशाच्या?

आमच्या हॉस्टेलवर भाद्रपद लागला की एक भांडण ठरलेलं असतं. सुरुवात साधीच होते, ‘गौरीला घरी कधी निघणार?’ आणि पाच मिनिटांत विषय ‘खऱ्या गौरी कुणाच्या?’ इथपर्यंत पोचतो.

मी मराठवाड्यातली. आमच्याकडे त्यांना कुणी गौरी म्हणतच नाही. त्या महालक्ष्म्या. दोन उभ्या बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पत्र्याच्या कोठ्यांवर पितळी मुखवटे, अंगावर आजीच्या ठेवणीतल्या साड्या, पुढ्यात त्यांची बाळं आणि वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा. माझी चिपळूणची रूममेट हे ऐकून म्हणाली, ‘बाई गं, एवढा थाट? आमची गवर तर रानातून येते.’ त्यांच्याकडे तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणतात, जुडी बांधतात, मुखवटा लावून साडी नेसवतात. तेरड्याची मुळं हीच गौरीची पावलं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतली चित्पावन मैत्रीण म्हणाली, ‘आमच्याकडे नुसते खडे.’ पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणायचे आणि येताना तोंडातून शब्द काढायचा नाही. (ही मुलगी एरवी झोपेतही बोलते. त्यामुळे यावर कुणाचा विश्वास बसला नाही.) कोल्हापूरवालीकडे गौरीपाठोपाठ शंकरोबा येतो, बायकोला न्यायला आल्यासारखा. आणि अलिबागच्या कोळी मैत्रिणीने बॉम्बच टाकला, ‘आमच्या गौरीला चिंबोरी लागते.’

खोलीत शांतता. मग एकदम सगळ्या, ‘गणपतीसमोर?’

‘मध्ये पडदा लावतो ना!’

आई की बहीण?

पुढचा वाद नात्याचा. कुणाच्या घरी गौरी ही गणपतीची आई, कुणाकडे बहीण. आमच्या आजीला विचारलं तर ती म्हणते, ‘माहेरवाशीण आहे, एवढं कळलं की पुरे.’

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन आणि जेवण, तिसऱ्या दिवशी विसर्जन. अनुराधा नक्षत्रावर यायचं, ज्येष्ठावर जेवायचं, मूळ नक्षत्रावर जायचं. म्हणूनच त्या ‘ज्येष्ठा गौरी’. गणपती येतो तिथीप्रमाणे आणि गौरी येतात नक्षत्राप्रमाणे, त्यामुळे दोघांमधलं अंतर दरवर्षी सारखं नसतं. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि गौरी १० तारखेला, म्हणजे तीन दिवसांनी आल्या. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आणि गौरी ३१ला, म्हणजे चार दिवसांनी. गावी जायचं तिकीट काढताना आपण दरवर्षी गोंधळतो ते यामुळे. आणि शेजारच्या कर्नाटकात तर गौरी चतुर्थीच्या आदल्या दिवशीच येते. आधी आई, मग लेक.

जेवणाचं तर विचारूच नका. आमच्याकडे पुरण, कढी, ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्या. कोकणात घावन-घाटलं. बऱ्याच घरी पहिल्या दिवशी साधी भाजी-भाकरी, कारण माहेरवाशीण प्रवासातून दमून आलेली असते.

भांडण मिटलं नाही, पण त्या रात्री एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. जिथे जे होतं, त्याची लोकांनी गौर केली. कोकणात पावसात तेरडा माजतो, तेरड्याची. नदीकाठी खडे, खड्यांची. समुद्रात चिंबोरी, तर तिला चिंबोरी. आमच्याकडे ज्वारी, म्हणून आंबील. प्रत्येक घर मात्र म्हणतं, ‘आपल्यात असंच असतं.’

काकू स्वयंपाकघरातच

हे डोक्यात बसायला कारण होतं. माझी काकू.

आमच्या घरी महालक्ष्म्यांना साडी नेसवावी तर काकूनेच. कोठीला कंबर नसते. निऱ्या कुठे बांधायच्या, पदर किती सोडायचा, मुखवटा बसवल्यावर मान तिरकी दिसू नये म्हणून मागे कापडाची गुंडाळी कुठे खुपसायची, हे सगळं तिच्या हातात. चार वर्षांपूर्वी काका गेले. त्यानंतर काकू पूजेच्या खोलीत आलीच नाही. कुणी ‘येऊ नकोस’ म्हणालं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. पहाटे चारपासून ती पुरण वाटते, सोळाच्या सोळा भाज्या एकटी निवडते, आणि सवाष्णी जेवायला बसल्या की स्वयंपाकघराच्या दारामागून वाढप्यांना ताटं देते. साडी आता आई नेसवते. दरवर्षी एक तरी महालक्ष्मी वाकडी दिसते आणि दरवर्षी कुणीच काही बोलत नाही.

गेल्या वर्षी मी घरी गेले ती हॉस्टेलवरची सगळी यादी घेऊनच. भाज्या निवडता निवडता आजीला खडे सांगितले, तेरडा सांगितला, शंकरोबा सांगितला. चिंबोरीला ती ‘शिव शिव’ म्हणाली, पण हसली. मग मी विचारलं, ‘आजी, आपल्याकडे पहिल्यापासून कोठ्याच होत्या?’

‘छे गं. मी लग्न होऊन आले तेव्हा सुगडं होती. मातीच्या गाडग्यांची उतरंड रचायची, त्यावर मुखवटे ठेवायचे. एका वर्षी मांजराने उतरंड पाडली. मग मामंजींनी पत्र्याच्या कोठ्या करून आणल्या.’

‘आणि चाललं ते?’

‘सासूबाईंना नाही चाललं. दोन दिवस अबोला धरला त्यांनी. तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठवताना म्हणाल्या, उभ्या बऱ्या दिसतात.’

मी समोरच्या परातीकडे बोट दाखवलं. बटाटा आणि मिरची, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यावर आपल्याकडे आले. म्हणजे कधीतरी कुणीतरी ते पहिल्यांदा या सोळांत घातले असणार. तेव्हाही एखादी आजी ‘आपल्यात चालत नाही’ म्हणाली असणार.

‘मग काकूचं?’ मी विचारलं.

आजीने भेंडीची टोकं काढणं थांबवलं नाही. ‘ते वेगळं असतं,’ एवढंच म्हणाली. मी पण पुढे बोलले नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

मग काय झालं?

दुसऱ्या दिवशी आई साडीशी झटत होती. पदर तिसऱ्यांदा घसरला. आजी पाटावर बसून बघत होती. एकदम तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, ‘धाकटे, इकडे ये. हिला जमत नाही.’

काकू दारापर्यंत आली आणि थांबली. ‘आई, नको. लोक येतील आता.’

‘लोकांना वाकडी लक्ष्मी दाखवायची का मग?’

काकूने हात धुतले. उंबरा ओलांडताना पुन्हा एकदा आजीकडे पाहिलं. दहा मिनिटांत दोघी बहिणी अशा उभ्या राहिल्या, जशा चार वर्षांत राहिल्या नव्हत्या.

इथे सिनेमा संपला असता. घरी नाही संपला. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या दोन बायका आपसात काहीतरी कुजबुजल्या. कुंकवाचा करंडा काकूपुढे आला तेव्हा तिनेच मान हलवून तो पुढे सरकवला. मी रागावले, तर रात्री म्हणाली, ‘अगं, एका दिवसात एवढंच जमलं मला.’ मग वाटलं, हा निर्णय तिचा आहे. माझ्या लेक्चरचा नाही. आपलं काम दार उघडं ठेवायचं. आत किती यायचं हे तिने ठरवायचं.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असं परिपत्रक काढलं. पण ठराव गावाचा होतो, गौरी घरात बसते. घरातला ठराव घरच्यांनाच करावा लागतो.

यंदा घरी गेलात की...

रील काढाच. डेकोरेशनचे फोटोही टाका. पण त्याआधी आजीजवळ, आईजवळ बसून तीन गोष्टी विचारा. आपल्या गौरी आधी कशाच्या होत्या? त्या कधी, कुणी बदलल्या? आणि पूजेच्या वेळी घरातली कोणती बाई स्वयंपाकघरात असते, आणि का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. ती दुसरीकडे कुठे लिहिलेली नसतात, आजीबरोबर निघून जातात. तिसऱ्याचं उत्तर कदाचित कुणी देणार नाही. तरी विचारा. पोरांनो, तुम्हीही विचारा. मखर उभं केलं की आपलं काम संपलं, असं नसतं.

आणि कुणी म्हणालंच, ‘आपल्यात असंच असतं’, तर चिडू नका. ‘आधी सुगडं होती ना?’ एवढंच विचारा आणि भेंडी चिरायला घ्या.

आमची आजी परवा फोनवर म्हणाली, ‘या खेपेला लवकर ये. साडी नेसवायला काकूच्या हाताखाली कुणीतरी शिकायला पाहिजे.’

माझं तिकीट काढून झालंय.