बाळंतपणाला समुद्रात जाणारी मासळी

शेततळ्यातल्या मत्स्यपालनावर बोललो होतो, तेव्हा गटातल्या एका ताईंनी विचारलं, "बीज आणून सोडलं की मासे होतात, मग नदीतले मासे संपतात कसे?" रोहू-कटल्याचं बीज केंद्रात तयार होतं, म्हणून आपल्याला तसं वाटतं. पण काही मासळीचं बीज माणसाला अजून तसं पिकवता आलेलं नाही. युरोपातल्या नद्यांमधली ईल ही त्यातलीच एक.

दिसायला सापासारखी लांब आणि बुळबुळीत, आपल्या वामीसारखी. नदीत, ओढ्यात, तळ्यात राहते. किडे, गोगलगायी, लहान मासे खाते. अशी 10-15 वर्षं, कधी त्याहून जास्त काढते. पण अंडी तिथे घालत नाही. बाळंतपणाला ती माहेरी जाते, आणि माहेर 5,000 किलोमीटरहून लांब! अटलांटिक महासागरात अमेरिकेच्या बाजूला सरगॅसो समुद्र आहे. त्याला किनारा नाही. चारी बाजूंनी समुद्राचे प्रवाह आणि मध्ये तरंगणारं शेवाळ.

निघायची वेळ झाली की तिचं अंग रुपेरी होतं, डोळे मोठे होतात, आतडं आक्रसतं. खाणं बंद. अंगातल्या चरबीवर एवढा प्रवास करायचा. गेलेली ईल परत येत नाही. येतात ती पिल्लं. आधी पानासारखी चपटी, आरपार दिसणारी, प्रवाहाबरोबर वाहत येतात. दोनेक वर्षांनी युरोपच्या किनाऱ्याजवळ त्यांची काचेच्या दोऱ्यासारखी बारीक ईल होते आणि ती नदी चढू लागते. पावसाळी रात्री ओल्या गवतावरून सरपटतसुद्धा जाते.

हे कोडं माणसाला फार उशिरा उलगडलं. ग्रीसच्या ॲरिस्टॉटलला वाटलं, ईल चिखलातून जन्मते. पुढे मनाचे डॉक्टर म्हणून गाजलेल्या फ्रॉइडनं 1876 साली शेकडो ईल चिरल्या, नर ओळखायला. तरी खात्री पटली नाही. शेवटी डेन्मार्कच्या योहानस श्मिट यांनी साधी युक्ती केली. समुद्रात जाळी टाकत राहायचं आणि जिथे सगळ्यात लहान पिल्लू मिळेल तिथे जन्मघर समजायचं. 1904 पासून शोधून त्यांनी 1922 मध्ये सरगॅसोचं नाव सांगितलं. एकाच कामाला इतकी वर्षं देणाऱ्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. पण तिथे ईलला अंडी घालताना आजवर कुणीच पाहिलेलं नाही.

म्हणूनच बीज नाही. युरोपात ईल पाळतात, पण त्यासाठी समुद्रातून आलेली पिल्लंच पकडावी लागतात. आणि ती 1980 नंतर 90 टक्क्यांहून जास्त घटली. नदीवर बंधारे आले, पिल्लांची वर चढायची वाट अडली. वीजकेंद्राच्या पात्यांत मोठ्या ईल खाली जाताना चिरडतात. पाणी घाण झालं, उपसा वाढला, पिल्लांची चोरटी विक्रीही होते. 2008 पासून ईलची गणना अतिसंकटात सापडलेल्या जिवांत होते.

उत्तर आयर्लंडमधल्या लॉक नेय तलावावर मच्छीमारांनी 1965 साली आपली सहकारी संस्था काढली. त्याआधी ईलच्या धंद्याचा ताबा एका कंपनीकडे होता. संस्थेनं तो हळूहळू विकत घेतला. नदीच्या मुखाशी आलेली पिल्लं पकडून, गाडीत घालून तलावात नेऊन सोडायची, ही तिथली जुनी पद्धत. गटाचं काम करणारी म्हणून मला ही गोष्ट आवडते, पण गाडीनं किती पिल्लं वाहणार? पिल्लंच कमी आली तर संस्था तरी काय करणार. काही ठिकाणी बंधाऱ्यालगत ब्रशसारखे केस लावलेली उतरती पट्टी बसवतात, वर थोडं पाणी सोडतात. पिल्लं त्यावरून चढून जातात. खर्च फार नाही, बंधारा बांधतानाच आठवण हवी.

आपल्या कोकणातल्या नद्यांत याच कुळातली मासळी आहे, तिला अहिर म्हणतात. तिलाही अंडी घालायला समुद्रच गाठावा लागतो. तुमच्याकडच्या जुन्या जाणत्या माणसांना विचारा, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला अहिर आधी मिळायची का, आणि आता मिळते का. उत्तरं पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन.