भगवा आला दुसऱ्या पिढीतून

जनुकसंपादित भाताचे दोन वाण मे २०२५ मध्ये जाहीर झाले आणि सांगोला-पंढरपूरकडच्या बागायतदाराच्या मनात साहजिकच प्रश्न आला असणार: तेल्या रोगाला दाद न देणारं डाळिंब मग कधी? प्रश्न रास्त आहे. फक्त डाळिंबाचा ‘भगवा’ हा वाण कसा जन्मला, हे आधी पाहायला हवं.

१९३६ मध्ये डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड बागेत आळंदी डाळिंबाच्या रोपांतून एक झाड निवडलं. तोच पुढे ‘गणेश’ वाण. बी मऊ, चव गोड, दाण्याचा रंग मात्र फिका गुलाबी. ‘गुल-ए-शाह रेड’ या रशियन वाणाचं नेमकं उलट: दाणा लालभडक, बी टणक. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं या दोघांचा संकर केला. कळी उमलायच्या आधीच चिमट्यानं सगळे पुंकेसर काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची, मग दुसऱ्या वाणाचा पराग कुक्षीवर टेकवायचा. मेंडेलनं वाटाण्यावर केलं ते हेच.

गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरात मेंडेलला पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल मिळाले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले; जवळपास तीनास एक. म्हणजे दबलेला गुण पुसला गेला नव्हता. शिवाय दाण्याचा आकार एकीकडे आणि रंग दुसरीकडे, असे गुण सुटे सुटे वारशात जात होते. पैदासकाराचा सगळा भरवसा या सुटेपणावर असतो. गणेशची मऊ बी आणि गुल-ए-शाहचा लाल दाणा एकाच झाडावर यायची आशा दुसऱ्या पिढीतच. मृदुला, आरक्ता आणि भगवा, तिन्ही तिथूनच निवडले गेले.

मेंडेलला एक सोय होती. वाटाण्याचा दाणा म्हणजेच पुढची पिढी. शेंग सोलली की निकाल हातात. डाळिंबात आपण खातो तो रसाळ गर आणि बीचं टणक कवच दोन्ही आईच्या झाडाचे, आतला गर्भ तेवढा नव्या पिढीचा. तो रुजवून, झाड वाढवून फळ हाती येईपर्यंत काहीच कळत नाही. एकेका पिढीला काही वर्षं जातात. या पैदासकारांच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार.

भगव्याचं बी लावलं तर जमलेली जोडी पुन्हा फुटते, म्हणून आपण गुटी बांधून फांदीचंच रोप करतो. त्याचीच दुसरी बाजू अशी, की बागेतली सगळी झाडं एकाच झाडाच्या प्रती. तेल्याला एक बळी पडलं की बाकीचीही तितकीच उघडी.

सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा ‘सोलापूर लाल’ मला यासाठीच महत्त्वाचा वाटतो. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेल्या या वाणाच्या वंशावळीत भगवा आणि गणेश आहेतच. शिवाय शोभेचा बुटका ‘नाना’ आणि हिमालयाच्या उतारावरचा रानटी, आंबट ‘दारू’ही आहे. बाजारात ज्याला कुणी विचारत नाही, असं झाड इथे कामी आलं. जनुकं कापायची कात्री कितीही धारदार झाली, तरी कुठला गुण हवा हे अशाच झाडांत शोधावं लागेल. त्यांचे वाफे राखायला पैसा कमी पडता कामा नये.