देवीच्या पायरीवर बसलेल्याला गाव असतं

बेघराला दोन घास आणि एक घोंगडी दिली की आपलं काम झालं, हा समज राणीसावरगावसारख्या रेणुकामातेच्या गावात सहज मुरतो. अन्न हवंच, पण ज्याला स्वतःचं गावच सांगता येत नाही, त्याचं पुढे काय? मुंबईत मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांना एक तरुण करवंटीने गटाराचं पाणी पिताना दिसला. उपचारांनंतर कळलं, गडी पदवीधर, आंध्रात घरदार शाबूत! १९८८ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने पुढे कर्जतच्या केंद्रातून हजारो मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवलं. डॉ. भरत यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार याच कामासाठी.

घरच्यांनीच टाकलेल्याला परत का पाठवायचं, असं कोणी म्हणेल. पण यांतले अनेक जण टाकलेले नसतात, आजारात भरकटलेले असतात. औषध सुटलं की आजार उलटतो, ही शंका मात्र रास्त. म्हणूनच संस्था घरी गेल्यावरही औषधं पुरवते. कर्जत लांब आहे, कबूल. पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १००नुसार अशा असहाय माणसाला संरक्षण देऊन २४ तासांत सरकारी दवाखान्यात नेणं ठाणेदाराचं कर्तव्य आहे, आणि कोठडीत ठेवायला मनाई. तेव्हा ताट वाढतानाच ठाण्यात कळवा. त्याला देणगी लागत नाही.