कॅसेटमधलं वेसावे

जुनी कॅसेट लावण्याआधी डेकचं हेड पुसून घ्यावं लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस फिरवला की त्यावर तपकिरी डाग उठतो. आधीच्या फितींवरून झडलेला लोह-ऑक्साइडचा थर असतो तो. मग रबरी रोलर पुसायचा. मग कॅसेटच्या पोटातली फेल्टची चिमुकली गादी तपासायची. फीत हेडला टेकवून धरणं हे तिचं काम, आणि इतक्या वर्षांत तिचा गोंद हमखास सुटलेला असतो. ती नीट बसली नाही तर गाणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू येतं.

ही सगळी खटपट 'वेसावची पारू' या कॅसेटसाठी चालली होती. अंधेरीच्या पश्चिम टोकाला, मढच्या समोर, खाडीच्या तोंडाशी वेसावे कोळीवाडा आहे. तिथल्या 'वेसावकर आणि मंडळी'ची कोळीगीतं कॅसेटच्या काळात मुंबईभर पोचली. घाटकोपरला आमच्या चाळीत कोळ्यांचं एकही घर नव्हतं, तरी हळदीच्या रात्री या गाण्यांशिवाय कोणी नाचायला उठत नसे. तेव्हा ती भोंग्यावरून ऐकली होती. आता मन लावून, एकेक वाद्य वेगळं करत ऐकायची होती.

त्यासाठी हेडशेजारचा एक बारीक स्क्रू फिरवावा लागतो. कॅसेटची फीत जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद, आणि त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे. फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर पुढे सरकते. इतक्या संथ वेगात हेड केसभर कललं तरी वरचे सूर बुजतात. म्हणून डोळे मिटून, स्क्रूड्रायव्हर किंचित इकडे, किंचित तिकडे करत राहायचं. एका जागी आवाज अचानक उघडतो. टाळ्यांना धार येते, ढोलकीची शाई आणि चाट वेगळी कळते, आणि आतापर्यंत एकच गलका वाटणाऱ्या कोरसमध्ये निरनिराळी माणसं ऐकू येऊ लागतात.

मला या कॅसेटचं खरं बळ तिथेच दिसतं. मुख्य गायक ओळ टाकतो आणि मंडळी ती उचलतात. त्यांचं उचलणं घोटून घेतलेलं वाटत नाही. गल्लीतल्या माणसांनी गल्लीतल्यासारखंच गायलं आहे. सहा मात्रांची ती झुलती चाल पायांना आपोआप कळते. कीबोर्डचं मात्र वय झालं आहे. त्याचे तयार आवाज आणि सगळ्यावर सारखाच पसरलेला प्रतिध्वनी त्या काळातच अडकून पडलेत, आणि दोन ओळींमधल्या जागा त्यांनी उगाच भरल्या आहेत.

याच बैठकीत एचएमव्हीची कोळीगीतंही लावली. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, 'मी डोलकर'मध्ये लता मंगेशकर आणि हेमंतकुमार. यांतलं कोणीही कोळी नव्हतं, आणि तरीही रचना म्हणून ही गाणी अव्वल आहेत. हेमंतकुमारांचा खोल, संथ आवाज आजही दर्या उभा करतो. पण ती ऐकताना मी किनाऱ्यावर उभा राहून बघत असतो. वेसावकरांच्या गाण्यात मला कोरसात जागा मिळते.

ही जागा व्हायला स्वस्त फीत कारणीभूत झाली. पीटर मॅन्युएल यांनी 1993च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारतापुरती हीच गोष्ट सविस्तर मांडली आहे: कॅसेटमुळे ध्वनिमुद्रण मोठ्या कंपनीच्या मुठीतून सुटलं आणि लहान निर्मात्यांनी त्या त्या भागातली गाणी बाजारात आणली. कोळीवाड्याची बोली कोळीवाड्याच्याच तोंडून घरोघर पोचली, यात त्या चाळीस-पन्नास रुपयांच्या प्लास्टिकच्या डबीचा वाटा मोठा आहे.

एक उणीव आता जास्त बोचते. कोळीगीतांच्या या लाटेत सण, लग्न, एकवीरा आणि दर्याचं कौतुक भरभरून आहे. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी, डिझेलचा खर्च, पहाटे बर्फात हात घालून बसणाऱ्या बायका यांना तिथे फारशी जागा नाही. नाचासाठी केलेल्या गाण्यांकडून हे मागणं जड असेल, तरी मला ते मागावंसं वाटतं.

मेट्रो वर्सोवा स्थानकाशी संपते, वेसावे गाव त्याच्याही पुढे. फोनमध्ये उतरवलेलं गाणं घेऊन बंदरावर गेलो, तेव्हा बोंबील निवडत बसलेल्या एका मावशींना ते ऐकवलं. त्यांनी मान वर केली नाही, हात थांबवले नाहीत. गायकाची ओळ त्यांनी जाऊ दिली आणि कोरसची ओळ बरोबर जागेवर उचलली. शेजारच्या दोघींनीही.

घरी येऊन फितीची खरखर काढायला बसलो. संगणक ती सहज काढतो, पण खरखर आणि टाळ्या एकाच वरच्या पट्टीत राहतात. एक पुसली की दुसरी बोथट होते, 'स' आणि 'श' गिळले जातात, कोरसमधली माणसं पुन्हा एकमेकांत मिसळतात. कीबोर्ड तेवढा लख्ख होतो. मी खरखर तशीच ठेवली आणि दुसरी बाजू लावली.