दहा फुटांवरची टोपली

बास्केटबॉलच्या रिंगची उंची जगभर एकच असते: १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. हा आकडा कोणी हिशेब करून काढलेला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची प्रशिक्षणशाळा होती. तिच्या व्यायामशाळेतल्या सज्जाचा कठडा तेवढ्या उंचीवर होता आणि डिसेंबर १८९१ मध्ये पहिल्या टोपल्या त्यालाच ठोकल्या गेल्या.

हिवाळ्यात मैदानी खेळ बंद पडत आणि नुसत्या कवायतीला विद्यार्थी कंटाळत. तिथल्या शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी जेम्स नेस्मिथ या तिशीतल्या कॅनेडियन शिक्षकाला छपराखाली खेळता येईल असा खेळ शोधायला सांगितले. मुदत दोन आठवड्यांची. मैदानावरचेच खेळ आत आणून पाहिले, तर हातपाय मोडण्याची वेळ आली. तेव्हा नेस्मिथ यांनी धसमुसळेपणाचे मूळच शोधले. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडावे लागते; मग चेंडू घेऊन पळूच द्यायचे नाही. गोल समोर उभा असला की चेंडू जोरात मारला जातो. मग गोल आडवा करून डोक्यावर न्यायचा, म्हणजे ताकदीपेक्षा नेम महत्त्वाचा ठरतो. मोठ्या दगडावर ठेवलेला छोटा दगड पाडण्याचा, लगोरीचा दूरचा भाऊबंद शोभेल असा खेळ ते लहानपणी ओंटारिओत खेळले होते. त्यात दगड अलगद, उंचावरून टाकणाऱ्याची सरशी होई.

नेस्मिथ यांनी शिपायाकडे खोकी मागितली होती. ती नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या मात्र होत्या. खोकी सापडली असती तर खेळाचे नावही बदलले असते. नऊ-नऊ जणांचे संघ, फुटबॉलचा चेंडू, १३ नियम, आणि पहिल्या सामन्यात गोल एकच. टोपलीला बूड असल्यामुळे आत पडलेला चेंडू वर चढून काढावा लागे. पुढे बूड गेले, लोखंडी कडे आणि जाळी आली. मागचा बोर्ड आला तो सज्जातले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवू लागले म्हणून. ड्रिब्लिंग तर मूळ नियमांत नव्हतेच. चेंडू हातात धरून पळता येत नाही, तर टप्पे देत पळू, ही खेळाडूंनी काढलेली पळवाट; आज तीच या खेळाची ओळख आहे.

दुसरी पळवाट मात्र खेळाच्या मुळावर आली. आघाडी मिळाली की चेंडू नुसता आपसात फिरवत वेळ काढायचा. १९५० मध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचा एक सामना १९-१८ असा संपला. सिरॅक्युझ संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधे गणित मांडले: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटवर फेक करतात आणि सामना असतो २,८८० सेकंदांचा. भागाकार २४. १९५४ पासून तेवढ्या सेकंदांत फेक करणे बंधनकारक झाले आणि खेळाला आजचा वेग आला.

स्प्रिंगफील्डचे विद्यार्थी वायएमसीएच्या कामाला जगभर गेले आणि चेंडूही त्यांच्याबरोबर गेला. १८९५ पर्यंत तो चीनमधील त्येनजिनला पोहोचला होता. मॅसॅच्युसेट्समधल्याच स्मिथ कॉलेजात शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी मुलींचा खेळ त्याआधीच सुरू केला होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अंतिम सामना उघड्यावर, पावसाच्या चिखलात झाला. तिथे टप्पाच पडेना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. लिथुआनियात या खेळाला जवळजवळ राष्ट्रधर्माचे स्थान आहे. स्वातंत्र्य परत मिळाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळी ऑलिंपिकमध्ये, १९९२ साली, या छोट्या देशाने माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाला हरवून कांस्यपदक घेतले. त्याच बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची ‘ड्रीम टीम’, म्हणजे एनबीएच्या ताऱ्यांचा संघ, खेळली. त्या संघाला पाहत मोठी झालेली परदेशी मुले आता अमेरिकेलाच भारी पडतात: २०१९ ते २०२५ या सातही हंगामांत एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेला होता.

भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकला एकदाच, १९८० मध्ये मॉस्कोला खेळला. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीतल्या मैदानाने मात्र अनेक राष्ट्रीय खेळाडू घडवले. फुटबॉल-क्रिकेटला जिथे जागा पुरत नाही, तिथे २८ बाय १५ मीटरचे कोर्ट कसेबसे बसते. टोकियो ऑलिंपिकपासून तेवढेही लागत नाही. थ्री-एक्स-थ्री प्रकारात संघात तिघे, कोर्ट अर्धे, रिंग एक, फेकीला १२ सेकंद. आणि २१ गुण आधी करणारा जिंकतो.