लिनक्सच्या घरात विंडोज भाड्याने

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि कितीतरी धडधाकट पीसी एका दिवसात म्हातारे ठरले. घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने एका वर्षाची मुदतवाढ दिली आहे खरी, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. दादाने कॉलेजात असताना घेतलेला आणि आता तुमच्या टेबलावर आलेला पीसी या चाळणीतून सरळ खाली पडतो. मग ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘लिनक्स टाक, फुकट आहे, मस्त पळतं.’ आणि त्याखाली पाच जण एकच विचारतात, ‘आणि गेम्स?’

याचं एक भन्नाट उत्तर आहे. जीपीयू पासथ्रू. म्हणजे लिनक्सच्या आत विंडोज चालवायचं आणि त्या आतल्या विंडोजच्या हातात खरंखुरं ग्राफिक्स कार्ड द्यायचं. ऐकायला जादू वाटते, पण त्यात पैसे जातात आणि वीकेंडही जातात. म्हणून हे कुणी करावं आणि कुणी अजिबात करू नये, ते मला समजून घ्यायचं होतं. मी मास कॉमची. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करणाऱ्या लोकांकडे मी आजवर लांबूनच आदराने बघत आले. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मित्राने सलग दोन रविवार मला शेजारी खुर्ची टाकून बसू दिलं, आणि ‘आजीला सांगतोस तसं सांग’ ही माझी टकळी निमूट सहन केली. (बीजीएमआयवाल्यांनो, तुमचा सगळा संसार मोबाइलवर आहे. तुम्ही खुशाल पान उलटा.)

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. बहुतेक गेम्ससाठी तुम्हाला पासथ्रू लागणारच नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं ‘वाइन’ १९९३ पासून आहे. त्याच्यावर काम करून स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणलं. गेम बोलतो डायरेक्टएक्सच्या भाषेत. प्रोटॉन त्याचं जागच्या जागी व्हल्कनमध्ये भाषांतर करतं, आणि ती भाषा लिनक्सला कळते. स्टीम डेक नावाचा जो हातात धरायचा कन्सोल २०२२ मध्ये आला, तो आतून लिनक्सच आहे आणि त्यावरचे विंडोज गेम्स असेच चालतात. एल्डन रिंग, सायबरपंक २०७७, विचर ३ हे सगळे प्रोटॉनवर चालतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर मुळातच लिनक्ससाठीही बनवलेले आहेत. प्रोटॉनडीबीवर गेमचं नाव टाकलंत तर तो कुणाच्या मशीनवर कसा चालला याच्या खेळाडूंनीच लिहिलेल्या नोंदी मिळतात. तिथे तुमच्या आवडीच्या गेम्ससमोर गोल्ड किंवा प्लॅटिनम दिसलं, तर तुमचं काम झालं. पुढचं नुसतं मजेसाठी वाचा.

एक घर, दोन शेगड्या

आता आजीची गोष्ट. लिनक्स हा घरमालक समजा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे त्याने भाड्याने दिलेल्या खोल्या. तिथे राहायला येतो विंडोज, आणि त्याला वाटतं हे स्वतंत्र घरच आहे. हा कारभार बघणारी केव्हीएम नावाची सोय २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. प्रोसेसरचे काही कोअर आणि थोडी रॅम भाडेकरूला थेट वापरता येते, त्यामुळे साधी कामं झपाझप होतात.

अडतं ते स्वयंपाकघरात. साध्या व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोजला एक खोटं ग्राफिक्स कार्ड दाखवलेलं असतं. त्याने मागणी करायची आणि घरमालकाने आपल्या शेगडीवर करून द्यायचं. वर्डची फाइल म्हणजे कपभर चहा, तो मिळतो. पण गेमला सेकंदाला साठ ताटं वाढून हवी असतात. तिथे हा मामला बसतो.

पासथ्रूमध्ये काय करतात? घरात दुसरी शेगडी आणतात आणि ती किल्लीसकट भाडेकरूच्या ताब्यात देतात. घरमालक तिला हातसुद्धा लावत नाही. विंडोजला खरं कार्ड दिसतं, ते त्यावर कार्ड कंपनीचा नेहमीचा ड्रायव्हर टाकतं, आणि गेम जवळपास साध्या विंडोज पीसीवर चालावा तसा चालतो.

पण ग्राफिक्स कार्ड मेमरीत थेट लिहू शकतं. भाडेकरूची शेगडी घरमालकाच्या खोलीत जाळ करणार नाही, हे कोण बघणार? त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्डमध्ये आयओएमएमयू नावाचा वॉचमन लागतो. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं, एएमडी म्हणतं एएमडी-व्हीआय. या वॉचमनच्या देखरेखीखाली उपकरण सुरक्षितपणे भाडेकरूकडे सोपवणारी ‘व्हीएफआयओ’ ही यंत्रणा लिनक्समध्ये २०१२ साली आली, आणि हौशी लोकांचा हा खेळ खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

मित्राचा पहिला रविवार गेला तो मीटरमध्ये. म्हणजे असं, की आयओएमएमयू उपकरणांचे गट पाडतं. एका गटातलं सगळं एकाच विजेच्या मीटरवर असल्यासारखं असतं, द्यायचं तर सगळं एकत्र द्यायचं. त्याच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि नेटवर्कचा भाग एकाच गटात निघाले. कार्ड दिलं तर इंटरनेटही भाडेकरूकडे जाणार. यावर एक जुगाड आहे, लिनक्सला एक पॅच लावून ‘हे दोन वेगळे मीटर आहेत’ असं सांगायचं. मीटर एकच असतो, कागदावर फक्त दोन दाखवलेले असतात, आणि मग वॉचमनलाही काही अर्थ उरत नाही. मित्राने ते केलं नाही. त्याने कॅबिनेट उघडलं आणि कार्ड खालच्या स्लॉटमधून काढून वरच्या स्लॉटमध्ये बसवलं. वरचा स्लॉट बहुधा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, खालचा चिपसेटमार्फत. गट सुटे झाले. एवढ्यासाठी पाच तास, दोन वडापाव आणि एक हरवलेला स्क्रू.

दुसऱ्या रविवारचं काम बघायला जास्त मजा आली. बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनचे पर्याय चालू केले. लिनक्सला सांगितलं, की सुरू होताना या कार्डाला हात लावू नकोस, ते व्हीएफआयओसाठी राखून ठेव. कार्डाबरोबर त्याचा आवाजाचा भागही द्यावा लागतो, तो राहिला तर मशीन सुरूच होत नाही. मग व्हर्च्युअल मशीनच्या यादीत कार्ड जोडलं आणि बटण दाबलं. मॉनिटरवर काहीच झालं नाही. मी ‘गेलं’ म्हणाले. तो हसला आणि मॉनिटरचं इनपुट बदललं. एक केबल मदरबोर्डवरून येत होती, दुसरी ग्राफिक्स कार्डावरून. दुसऱ्या केबलवर विंडोजचे ते गोल फिरणारे ठिपके होते. आवाज न करता, शांतपणे, एकाच डब्यात दोन कम्प्युटर चालू होते. खरं सांगते, कमांडमधलं मला अर्धंही कळलं नव्हतं, पण त्या ठिपक्यांकडे बघून मीच टाळ्या वाजवल्या.

कीबोर्ड-माउस एकच. दोन्ही कंट्रोल बटणं एकत्र दाबली की ते लिनक्सकडून विंडोजकडे जातात, पुन्हा दाबली की परत येतात. दर वेळी मॉनिटरचं इनपुट बदलायचा कंटाळा असेल तर ‘लुकिंग ग्लास’ नावाचा प्रोग्राम आहे. तो विंडोजचं चित्र सामाईक मेमरीतून उचलून लिनक्सच्याच एका खिडकीत दाखवतो.

हे सगळं पूर्वी याहून अवघड होतं. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डाच्या ड्रायव्हरला आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत असा वास आला, की तो ‘एरर ४३’ दाखवून संप करायचा. त्यामुळे कार्ड तुमचं, पैसे तुमचे, पण ते कुठल्या खोलीत चालवायचं हे ठरवणार दुसराच. लोक भाडेकरूची ओळख लपवून त्याला फसवत राहिले. शेवटी मार्च २०२१ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरमधून ही अडवणूक काढून टाकली.

व्हॅलोरंटचं विचारूच नका

आता वाईट बातमी, आणि याच्यासाठीच हा लेख खर्च करण्याआधी वाचावा असं मला वाटतं. ‘व्हॅलोरंटसाठी पासथ्रू करू का?’ याचं उत्तर आहे, नाही. चालणार नाही.

व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट येतं. ते विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं आणि कम्प्युटर सुरू होतानाच जागं होतं. व्हर्च्युअल मशीन दिसली की ते गेम चालू देत नाही. २०२४ पासून लीग ऑफ लेजंड्सलाही तेच आहे. रागावण्याआधी त्यांची बाजूही ऐका. घरमालकाकडे भाडेकरूच्या खोलीची दुसरी किल्ली असते. लिनक्समध्ये बसून विंडोजच्या मेमरीत डोकावता येतं, भिंतीमागचा शत्रू कुठे आहे ते वाचता येतं, आणि आतल्या अँटी-चीटला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे त्यांची भीती खोटी नाही. पण म्हणून माझ्या कम्प्युटरच्या गाभ्यात एका गेम कंपनीने कायमचं बसावं का, हा प्रश्न उरतोच. मला विचाराल तर मी बसू देणार नाही. पण मी व्हॅलोरंट खेळत नाही, त्यामुळे माझा त्याग फार मोठा नाही.

बाकीच्या ऑनलाइन गेम्सचंही बघून घ्या. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही दोन मोठी अँटी-चीट २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण परवानगी गेम बनवणाऱ्याने द्यायची असते. एपेक्स लेजंड्सने ती दिली होती आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सचं दार पुन्हा बंद केलं. जीटीए ५ ची गोष्ट एकट्याने लिनक्सवर खेळता येते, जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पासून नाही. अशा गेम्ससाठी व्हर्च्युअल मशीनची ओळख लपवायच्या युक्त्या सांगणारे खूप भेटतील. ऐकू नका. आज चाललं तरी उद्या अकाउंट बॅन होऊ शकतं, आणि तुमच्या तीन वर्षांच्या स्किन्स त्याबरोबर जातील. या गेम्ससाठी वेगळ्या एसएसडीवर विंडोज टाकून ड्युअल बूट करणं हाच सरळ मार्ग आहे.

मग पासथ्रू कुणाला? माझ्या मित्रासारख्यांना. त्याला रेसिंग सिम्युलेटरचं वेड आहे. स्टीअरिंग व्हीलचं सेटिंग करणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं, आणि मॉड्सचा ढीग एवढा, की प्रोटॉनमध्ये दर अपडेटला काहीतरी निखळायचं. दिवसभर कोडिंग लिनक्सवर, रात्री गाडी विंडोजवर, मध्ये रीस्टार्ट नाही. दुसरे आमच्यासारखे, ज्यांना प्रीमिअर प्रो किंवा आफ्टर इफेक्ट्सवर असाइनमेंट करावी लागते. ही दोन्ही लिनक्ससाठी मिळत नाहीत आणि त्यांना ग्राफिक्स कार्ड हवंच असतं. आणि तिसरे, ज्यांना हे शिकायचंच आहे. ॲमेझॉन आणि गुगलच्या क्लाउडच्या मुळाशीही हेच केव्हीएम आहे, आणि एआयसाठी तासाच्या भाड्याने जे जीपीयू मिळतात, तेही अशाच पासथ्रूने ग्राहकाच्या मशीनला दिले जातात. मित्राने इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूसाठी रेझ्युमेवर ‘हॉबी’च्या खाली हे लिहिलंय. मी त्याला ते ‘प्रोजेक्ट’च्या खाली हलवायला लावलं.

करायचंच ठरलं, तर खरेदीआधी घरीच दोन-चार गोष्टी बघा. लॅपटॉप असेल तर शक्यतो नादाला लागू नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये मोठ्या कार्डाचं चित्र छोट्या, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समार्फतच पडद्यावर येतं, आणि तिथे सगळा गुंता होतो. डेस्कटॉप असेल तर प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘एफ’ आहे का ते बघा. इंटेलच्या या स्वस्त पडणाऱ्या चिप्समध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे लिनक्ससाठी शेगडीच उरत नाही आणि दुसरं कार्ड घ्यावं लागतं. रायझनच्या ७००० मालिकेआधीच्या बऱ्याच डेस्कटॉप चिप्सचंही तेच, ‘जी’वाल्या सोडून. रॅम १६ जीबी असेल तर दोघांत वाटून कशीबशी पुरते, ३२ असेल तर बरं. इंटेलच्या जुन्या ‘के’ मालिकेतल्या काही चिप्समध्ये वॉचमनच नाही, तेव्हा कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून व्हीटी-डी लिहिलंय का पाहा. विंडोजचं लायसन्स व्हर्च्युअल मशीनलाही लागतंच, तो खर्च धरा.

आणि लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड कार्ड बघायला निघाल्यावर मदरबोर्डचं पूर्ण मॉडेल आणि आयओएमएमयूच्या गटांची यादी फोनमध्ये घेऊन जा. ती यादी काढायला लिनक्स इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरून सुरू केलं तरी दिसते, मात्र त्याआधी बायोसमध्ये आयओएमएमयू चालू करा. दुकानदाराला विचारलंत तर तो ‘चालेल, चालेल’ म्हणेल. त्याचं कार्ड चालेलच. प्रश्न तुमच्या मदरबोर्डचा आहे.